मार्क्स, फुले, आंबेडकर आणि मधल्या दोन रेघा

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ साली आला. तो पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. त्याची सुरुवात घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात होते. ११ जुलै १९९७ रोजी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, सेंट्रल लाइनवर पाच स्टेशनं पुढे मुलुंडला, शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं.

घोगरे डाव्या चळवळीचे शाहीर होते. कष्टकऱ्यांची, झोपडपट्टीतल्या माणसांची गाणी त्यांनी लिहिली आणि गायली. पण जाताना त्यांनी कपाळाला निळं कापड बांधलं होतं आणि आंबेडकरी ऐक्याचा जयजयकार भिंतीवर लिहून ठेवला होता.

माहितीपट पाहून झाल्यावर चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येते: लाल झेंड्याचा माणूस शेवटी निळ्याकडे का गेला? मला हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारल्यासारखा वाटतो. तो घोगरेंना नाही, लाल विचाराला विचारायला हवा. ज्या सिद्धान्ताने सगळ्या शोषितांना एकत्र आणायचं म्हटलं, त्यात या निळ्या कापडाला आधीपासून जागा का नव्हती?

हा प्रश्न मराठीत एका माणसाने त्या गोळीबाराच्या जवळपास वीस वर्षं आधी विचारला होता. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील. त्यांनी मार्क्सवादाची जी फेरमांडणी केली तिला ‘मार्क्स-फुले-आंबेडकरवाद’ म्हणतात. चळवळीतले लोक लाडाने ‘माफुआ’ म्हणतात. आज मार्क्स आणि आंबेडकर एकाच पोस्टरवर, एकाच टी-शर्टवर सहज शेजारी बसतात. त्यांची गाठ कुठे बसते आणि कुठे सुटते, हे मात्र पोस्टर सांगत नाही. पाटलांनी ते सांगायचा प्रयत्न केला. माझं म्हणणं थोडक्यात असं: त्यांचा प्रश्न मराठीतल्या कुठल्याही मार्क्सवाद्याच्या प्रश्नापेक्षा खोल होता, त्यांची उत्तरं ठिकठिकाणी कच्ची होती, आणि आपण त्यांच्याकडून प्रश्नही घेतला नाही आणि उत्तरही नाही. घेतली ती फक्त नावांची माळ.

धोट्यातला दोरा

आधी पाटलांच्या मागे काय होतं ते पाहू, नाहीतर त्यांनी मोडलं काय हे कळणार नाही.

१८५३ साली मार्क्सने भारताविषयी लिहिताना एक अंदाज बांधला होता. रेल्वे आली की तिच्यामागून आधुनिक उद्योग येतील आणि जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची वाटणी त्या उद्योगांत विरघळून जाईल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली होती, आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या याच मार्गावरून. म्हणजे मार्क्सच्या अंदाजाची प्रयोगशाळा आपल्याच दारात होती.

प्रयोगाचा निकाल ७५ वर्षांनी मुंबईच्या गिरण्यांमध्ये दिसला. १९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप झाला. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी एक अडचणीचा मुद्दा लावून धरला. विणकाम खात्यात सूतकताईपेक्षा पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण साधं होतं. धोट्यातला दोरा संपला की नवी कांडी घालून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता.

यात प्रत्येक गोष्ट आधुनिक आहे. यंत्र, पाळी, पगार, युनियन, संप. आणि तरीही कोणाला किती पगार मिळणार हे विटाळ ठरवतोय. इथे रूढ मार्क्सवादाची पंचाईत होते. त्या मांडणीत समाजाचा पाया म्हणजे उत्पादनाची व्यवस्था. धर्म, कायदा, रूढी हा त्यावरचा इमला. पाया बदलला की इमला आज ना उद्या बदलणार. जात इमल्यात टाकली की तिची वेगळी काळजी करायचं कारण उरत नाही. धोट्यातला दोरा सांगतो की जात पायाच्या आत बसली आहे. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच मांडलं: जात ही कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे.

याचा अर्थ दोन्ही बाजू कायम भांडतच होत्या असा नाही. जानेवारी १९३८ मध्ये खोती पद्धतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला तेव्हा आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धचा संपही त्यांनी मिळून केला. रस्त्यावर एकी होत होती. अडत होतं ते सिद्धान्तात.

सिद्धान्तात मराठी माणसांनी दोन मोठे प्रयत्न केले. एक गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. त्यांच्या मते जात म्हणजे उत्पादनाच्या प्राथमिक पातळीवरचा वर्गच. धर्माच्या साहाय्याने, कमीत कमी बळ वापरून वरकड उत्पन्न काढून घेण्याची सोय. नांगराची शेती पसरत गेली तशा टोळ्या आपल्या दैवतांसकट जातींच्या उतरंडीत कशा आल्या, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी दाखवलं नाही. पण त्या सूत्रात ‘प्राथमिक पातळी’ हा शब्द आहे, आणि गिरणी ही काही प्राथमिक पातळी नव्हे. जात तिथेही का टिकली, याचं उत्तर त्यातून सहज निघत नाही.

दुसरा प्रयत्न श्रीपाद अमृत डांगे यांचा. १९४९ साली त्यांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक आलं. त्यात एंगल्सने आखलेली आदिम साम्यवाद ते गुलामगिरी ही वाट जशीच्या तशी वेदकाळावर बसवली होती. यज्ञ म्हणजे आर्यांची सामूहिक उत्पादनपद्धती, असं त्यांचं म्हणणं. कोसंबींनी त्या पुस्तकाचं परीक्षण लिहून त्याची पार चिरफाड केली. पुढे १९७४ मध्ये डांग्यांचे जावई बाणी देशपांडे यांचं वेदान्तावरचं पुस्तक डांग्यांच्या प्रस्तावनेसह आलं. त्यात द्वंद्ववादाचं मूळ थेट वेदान्तात शोधलं होतं. ते पचवणं पक्षालाही जड गेलं आणि त्याविरुद्ध जाहीर भूमिका घ्यावी लागली.

मार्क्सला भारतीय करायचं म्हटलं की पहिली धाव वेदान्ताकडे जाते, हे या प्रकरणातून दिसतं. भारतीय म्हणजे वैदिक, हे समीकरण लाल टोपीखालीही शाबूत राहू शकतं. शरद पाटलांनी पहिला घाव याच समीकरणावर घातला.

पॅच नव्हे, फोर्क

पाटील (१९२५–२०१४) चित्रकलेचं शिक्षण सोडून कम्युनिस्ट पक्षात आले. धुळे आणि आजच्या नंदुरबार भागात शेतकरी आणि आदिवासींमध्ये त्यांनी काम केलं. पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात होते. वर्गाबरोबर जातीविरुद्धही लढा हवा, हा त्यांचा आग्रह पक्षाने मानला नाही. १९७८ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. या नावातच त्यांचा विचार आहे. फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाचा ‘सत्यशोधक’ पुढे आणि ‘कम्युनिस्ट’ मागे.

आमच्या कामात एक फरक रोज करावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की त्याच्यावर पॅच मारता येतो. मूळ रचना तशीच राहते. किंवा मूळ कोड घेऊन त्याची वेगळी शाखा करता येते, जिथे रचनाच नव्याने मांडायची असते. त्याला फोर्क म्हणतात. ‘आम्ही जातीच्या प्रश्नाचाही विचार करतो’ असं म्हणणारे डावे पॅच मारत होते. पाटलांनी फोर्क केला. त्यात तीन मोठे बदल होते.

पहिला बदल इतिहासाच्या आराखड्यात. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ या त्यांच्या मुख्य ग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १९८२) त्यांनी म्हटलं की वर्ण आणि जात ही वर्गाची बाहेरची कातडी नाही. इंग्रज येण्यापूर्वी भारतातलं शोषणाचं नातंच वर्णाचं आणि नंतर जातीचं होतं. आधुनिक अर्थाचे वर्ग वसाहतीच्या काळात आले आणि जातींच्या शेजारी उभे राहिले. म्हणून इतिहासाला पुढे ढकलणारा संघर्ष शोधायचा तर वर्णसंघर्ष आणि जातिसंघर्ष शोधा. ग्रंथाचं नाव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची आठवण करून देतं, हा योगायोग नाही. फुले इथे समाजसुधारक म्हणून येत नाहीत. शूद्रातिशूद्रांच्या श्रमाचा फायदा कोण आणि कुठल्या कथा सांगून घेतं, हे दाखवणारा सिद्धान्तकार म्हणून येतात.

दुसरा बदल पद्धतीत. मार्क्सवादाची इतिहासाकडे बघण्याची रीत एकप्रवाही आहे, असं पाटील म्हणाले. ती एकाच अंतर्विरोधाला मुख्य धरते आणि बाकीचे त्याच्या पोटात घालते. त्यांनी बहुप्रवाही ऐतिहासिक भौतिकवाद हवा असं मांडलं, ज्यात वर्ग, जात आणि स्त्रीदास्य हे आपापल्या उगमाचे प्रवाह असतील. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द आज आपल्या टाइमलाइनवर रोज दिसतो. तो अमेरिकेत १९८९ साली किंबर्ले क्रेनशॉ यांनी वापरात आणला. त्याच्या दहाएक वर्षं आधी खानदेशातला एक पूर्णवेळ कार्यकर्ता हाच पेच आपल्या शब्दांत सोडवत होता. दोघांची तत्त्वज्ञानं वेगळी आहेत, पण अडलेली जागा तीच.

तिसरा बदल सगळ्यात धाडसाचा. जात लोकांच्या मनात इतकी खोल का बसते? खोटी जाणीव, असं उत्तर रूढ मार्क्सवाद देतो. म्हणजे माणसाला त्याचं खरं हित कळलं की ती गळून पडेल. पाटलांना हे पटेना. जात जाणिवेत असती तर समजावून निघाली असती. ती नेणिवेत आहे. म्हणून ते दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांकडे गेले. आपण प्रत्यक्ष जे पाहतो आणि त्यावर मन जी नावं आणि कल्पना चढवतं, यांतला फरक हा दिङ्नागाच्या विचाराचा गाभा. त्याच्या आधारे जाणीव-नेणिवेचा सिद्धान्त मार्क्सला जोडून पाटलांनी ‘सौत्रान्तिक मार्क्सवाद’ उभा केला.

नाव ऐकून घाबरायला होतं, पण मुद्दा रोजचा आहे. अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये भाड्याने घर शोधून पाहा. समोरचा माणूस जात विचारत नाही. तो आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग ‘व्हेज ना?’ असं हसत विचारतो. आपण जात पाळतो हे तो प्रामाणिकपणे नाकारेल, आणि त्याच्या जाणिवेपुरतं ते खरंही असेल. निर्णय मात्र झालेला असतो. ही गोष्ट ‘खोटी जाणीव’ या शब्दात मावत नाही. डांग्यांच्या घरातून मार्क्सचा रस्ता वेदान्ताकडे गेला, पाटलांचा वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या बौद्ध तर्काकडे. दोघेही मार्क्सला इथलं तत्त्वज्ञान देत होते. पण ‘इथलं’ म्हणजे कोणाचं, याची दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत.

कधीच फेल न होणारी टेस्ट

आता अडचणी. पाटलांचे चाहते त्यांच्यावर टीका ऐकली की ती ब्राह्मणी टीका आहे असं म्हणून बाजूला सारतात, आणि विरोधक त्यांना न वाचताच जातिवादी ठरवतात. दोन्हींमुळे त्यांचं नुकसानच झालं.

पहिली अडचण पुराव्याची. पाटील पाणिनीचं व्याकरण शिकले, कारण ज्या ग्रंथांनी शूद्रांना शूद्र ठरवलं ते ग्रंथ मूळ भाषेत वाचून त्यांच्याच शब्दांतून त्यांचा इतिहास काढायचा होता. इरादा जबरदस्त आहे. पण मग शब्दाच्या व्युत्पत्तीवर संपूर्ण समाजव्यवस्था उभी राहू लागते. ‘निर्ऋती’चं उदाहरण घ्या. ऋग्वेदात ही नाश आणि अनर्थाची देवता. पाटलांच्या वाचनात ती स्त्रीसत्ताक गणाची राणी आहे, जिला पुढे पुरुषसत्ताक परंपरेने अशुभ ठरवलं. असं घडलं असू शकतं. पण देवी पूज्य असेल तर ‘तिची आठवण पुसता आली नाही’ आणि अशुभ असेल तर ‘तिला बदनाम केलं’, असा दोन्हीकडून एकच निष्कर्ष निघत असेल, तर तो पुरावा कशाचा? जी टेस्ट कधीच फेल होत नाही ती काही तपासत नसते.

यात एक गंमतही आहे. जुन्या शब्दांच्या आणि ग्रंथांतल्या कथांच्या आधाराने प्राचीन समाज उभा करण्याची ही रीत मराठीत इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’मध्ये वापरली होती. ब्राह्मणी इतिहासाविरुद्धच्या लढाईतलं पाटलांचं आवडतं हत्यार राजवाड्यांच्याच कारखान्यात घडलेलं होतं. कोसंबी त्याउलट ग्रंथांबाहेर पडले. नाण्यांची वजनं केली, पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत फिरून वाटेवरची शेंदूर फासलेली दैवतं पाहिली. ग्रंथातला शब्द आणि जमिनीवरचा दगड एकमेकांना तपासू शकतात, ही सोय पाटलांच्या पद्धतीत कमी पडते.

दुसरी अडचण ‘अब्राह्मणी’ या त्यांच्या लाडक्या शब्दाची. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकामुळे तो मराठी समीक्षेत रुजला. ब्राह्मणी म्हणजे ब्राह्मण जातीचं असं नाही; उतरंड मानणारा विचार, मग तो कोणाचाही असो. अब्राह्मणी म्हणजे ती नाकारणारा. विचार म्हणून ही विभागणी उपयोगी आहे. पण माणसांचे गट मोजायला लागलं की ती घसरते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्या जळाल्या. हल्ले करणाऱ्यांत बहुतांशी गावातल्या शेतकरी जातींची माणसं होती, भटजी-शेटजी नव्हेत. पाटलांचा पक्ष नामांतराच्या बाजूने लढला, हे त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. पण फुल्यांच्या ‘शूद्रातिशूद्र’ या जोडशब्दातले शूद्र आणि अतिशूद्र प्रत्यक्ष गावात समोरासमोर उभे असतात तेव्हा सिद्धान्ताने काय म्हणायचं? नेणिवेचा सिद्धान्त थोडं सांगतो. जमीन, मजुरी आणि सत्तेची वाटणी त्याहून जास्त सांगते, आणि तिथे आपण पुन्हा वर्गापाशी येतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुप्रवाही इतिहास हवा म्हणणाऱ्या माणसाने शेवटी प्रवाहांना रांगेत उभं केलं. आधी स्त्रीसत्ता, मग वर्ण, मग जात, मग वर्ग-जात, असा त्यांचा भूतकाळ. आधी जात्यंतक लोकशाही क्रांती आणि ती झाल्यावर समाजवादी क्रांती, असं त्यांचं भविष्य. ‘आधी वर्ग, जात आपोआप जाईल’ या जुन्या रांगेविरुद्ध त्यांनी बंड केलं होतं. रांगेतले नंबर बदलले. रांग तशीच राहिली. धोट्यातला दोरा ओढणाऱ्या कामगाराला मात्र विटाळ आणि पगार एकाच क्षणी, एकाच तोंडात सापडतात. त्यात आधी-नंतर नसतं.

आणि चौथी, नावातल्या दोन रेघांची. ‘मार्क्स-फुले-आंबेडकर’ लिहिताना या रेघा फार सहज ओढल्या जातात. आंबेडकरांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी, मृत्यूच्या जेमतेम पंधरा दिवस आधी, काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केलं. गरिबी आणि शोषणाच्या निदानात त्यांना दोघांत साम्य दिसत होतं. पण हिंसेचा मार्ग आणि कामगारांची हुकूमशाही त्यांनी स्पष्टपणे नाकारली, आणि माणसाला धर्माची, म्हणजे धम्माची गरज आहे हे ठामपणे सांगितलं. ही तपशिलातली कुरबुर नाही. राज्यसत्ता कशी घ्यायची आणि माणूस आतून कसा बदलतो, या दोन्ही मूळ प्रश्नांवर हा मतभेद आहे. दुसऱ्या प्रश्नावर पाटील दिङ्नागाला आणून काम करतात. पहिल्या प्रश्नावर रेघ ओढून पुढे जातात.

उरलं काय

पाटलांचा पक्ष लहानच राहिला. त्याचं काम मुख्यतः धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात, आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या लढ्यांत दिसलं. पुस्तकं जाडजूड, वाक्यं लांब, पारिभाषिक शब्दांचा मारा असा की पहिल्या वीस पानांत वाचक गळतो. इंजिनिअरिंगची टेक्स्टबुकं पचवलेल्या माणसालाही ती पेन्सिल घेऊनच वाचावी लागतात.

तरी प्रभाव पडला. ‘अब्राह्मणी’ आणि ‘जात्यंतक’ हे शब्द आज पुरोगामी शिबिरांत, पुस्तिकांत, बॅनरवर सर्रास असतात. फुल्यांना तत्त्वज्ञ म्हणून वाचायची सवय लागली, त्यातही त्यांचा वाटा आहे. त्या प्रवाहात ते एकटे नव्हते. गेल ऑम्व्हेट यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात सत्यशोधक चळवळीचा इतिहास मांडला होता, आणि भारत पाटणकरांसोबत श्रमिक मुक्ती दलातून जात, वर्ग आणि स्त्रीप्रश्न एकत्र धरायचा प्रयोग दक्षिण महाराष्ट्रात धरण आणि दुष्काळग्रस्तांच्या लढ्यांत केला.

पण शब्द पसरले तशी पद्धत पसरली नाही. व्यासपीठावरच्या नावांच्या माळेत मार्क्सच्या जागी शाहू आले, कारण त्यांच्या नावाने कोणाला त्रास होत नाही. मग जमिनीचं, पगाराचं, मालकीचं बोलणं आपोआप बंद झालं. दुसरीकडे २०१६ मध्ये रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर ‘जय भीम, लाल सलाम’ ही घोषणा कॅम्पसवर घुमली. ती ऐकताना अंगावर काटा येतो, पण दोन घोषणांच्या मधला स्वल्पविराम म्हणजे सिद्धान्त नव्हे. एकीकडे माळ, दुसरीकडे स्वल्पविराम. पाटलांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो मधला सांधा दोन्हीकडे रिकामाच.

हा सांधा रिकामा राहिल्याने नुकसान काय होतं, ते पाहायला धुळ्याला जायची गरज नाही. रोज सकाळी आपल्या गल्लीत येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीकडे पाहिलं तरी पुरे. मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. त्यांना कामगार म्हणावं लागू नये म्हणून कंत्राटं संस्थांच्या नावाने दिली जायची आणि कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हटलं जायचं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला.

रूढ मार्क्सवादी चष्म्यातून इथे कंत्राट दिसतं, खर्चात बचत दिसते, कामगार कायद्याला दिलेली बगल दिसते. हे सगळं खरं आहे. पण या कामगारांत बहुतांश दलितच का, आणि शहराला इतकी वर्षं त्यात काही वावगं का वाटलं नाही, हे त्या चष्म्यातून दिसत नाही. फक्त अस्मितेच्या चष्म्यातून जात दिसते, अपमान दिसतो. पण निविदा दिसत नाही, आणि न्यायालयात जिंकून देणारं हत्यार कामगार कायदा होतं हेही दिसत नाही. ‘स्वयंसेवक’ हा शब्द वर्गाचा डाव आहे. तो इतका काळ खपला, कारण झाडू कोणी मारायचा हे शहराच्या नेणिवेत आधीच ठरलेलं होतं. पाटलांचा प्रश्न हातात असल्याशिवाय ही दोन वाक्यं एकत्र लिहिता येत नाहीत. त्यांची टप्प्यांची रांग मात्र इथे निरुपयोगी ठरते. लढा एकाच वेळी दोन्ही होता, आणि आधी जात की आधी वर्ग असं विचारायला त्या कामगारांकडे वेळ नव्हता.

आज आपल्या दारात जेवण आणून देणाऱ्या मुलाला अ‍ॅप ‘पार्टनर’ म्हणतं. हा ‘स्वयंसेवक’चाच धाकटा भाऊ आहे. या ‘पार्टनर’ला सोसायटीच्या कोणत्या लिफ्टने वर येऊ देतात, पाणी मागितलं तर कोणत्या पेल्यातून देतात, आणि त्याचा दिवसाचा हिशेब कोणता अल्गोरिदम ठरवतो, हे तीन प्रश्न एका दमात विचारणारी भाषा आपल्याकडे अजून नाही. असे अल्गोरिदम लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांच्या ऑफिसात तर हे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांत जातात: एक ऑपरेशन्सकडे, एक ‘डायव्हर्सिटी’च्या प्रेझेंटेशनमध्ये, एक कुठेच नाही.

म्हणून पाटील वाचावेत. भक्तीने नको आणि खोडून काढायच्या घाईनेही नको. निर्ऋतीपाशी अडखळलात तर प्रश्नचिन्ह करून पुढे जा. ‘एकप्रवाही’ या शब्दापाशी मात्र थांबा. कुठल्याही शोषणाकडे बघताना आपण कोणता प्रवाह आपोआप मुख्य धरतो आणि कोणता त्याच्या पोटात घालतो, हे स्वतःला विचारायला तो शब्द लावतो. त्या दोन रेघांना कॉम्रेड पाटलांनी अख्खं आयुष्य दिलं. त्या पक्क्या बसल्या नाहीत. पण त्या तिथे ओढणं गरजेचं आहे हे त्यांना कळलं होतं, आणि ते काम अजून बाकी आहे.